पाठ केलेलं नको, केलेलं सांगा

‘स्वतःबद्दल थोडं सांगा.’ मुलाखतीतला हा पहिला प्रश्न. नुकतीच पदवी घेतलेल्या बहुतेक मुलामुलींचं त्यावरचं उत्तर जवळपास सारखंच असतं. नाव, गाव, वडील काय करतात, दहावी-बारावीचे टक्के, छंद वाचन आणि क्रिकेट. यातलं बरंचसं समोरच्या माणसाच्या हातातल्या बायोडाटात आधीच छापलेलं असतं. त्याला जे जाणून घ्यायचं आहे ते त्या कागदावर नसतं. काम अंगावर पडलं की तुम्ही काय करता, हे त्याला हवं असतं.

सोलापूरच्या मुलांकडे या प्रश्नाचं भरभक्कम उत्तर असतं. शहराच्या पूर्व भागात कुणाच्या घरी यंत्रमाग असतो आणि शाळेच्या वयापासून कांड्या भरायची सवय असते. कुणी सुट्टीत चादरी-टॉवेलच्या दुकानात बसतं, कुणी आईच्या बिड्यांचा हिशेब ठेवतं, कुणी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पाळी करून दुसऱ्या दिवशी कॉलेज गाठतं. पण मुलाखतीला निघताना हे सगळं घरी ठेवलं जातं. ते कमीपणाचं वाटतं आणि त्याच्या जागी मोबाइलवरून उतरवून घेतलेली चार इंग्रजी वाक्यं येतात. खरं तर हातात असलेला सगळ्यात मोठा पुरावाच असा टाकून दिला जातो.

असे प्रश्न का विचारतात?

एकेकाळी मुलाखतीत सामान्यज्ञान तपासलं जायचं. थॉमस एडिसन नोकरीसाठी आलेल्या पदवीधरांना प्रश्नांची लांबलचक यादी द्यायचा. १९२१ मध्ये ती वर्तमानपत्रांत फुटली आणि अमेरिकेत वाद पेटला. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइन्स्टाइनला त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, असं उत्तर त्यानं दिलं.

तेव्हापासून निवडीचं शास्त्र बरंच पुढे गेलं आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मनाला येईल ते विचारत केलेल्या मुलाखतीपेक्षा सर्व उमेदवारांना ठरावीक, कामाशी जोडलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीवरून पुढच्या कामगिरीचा अंदाज अधिक चांगला येतो, असं त्यांना दिसलं. ‘एखादा अवघड प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असे प्रश्न म्हणूनच येतात. घडलेला प्रसंग सांगणाऱ्याला पुढच्या दोन उपप्रश्नांची धास्ती वाटत नाही. पाठांतर मात्र पहिल्याच उपप्रश्नाला उघडं पडतं.

पहिलं उत्तर एका मिनिटाचं

समजा, एक बी.कॉम. झालेला मुलगा हिशेबाच्या नोकरीसाठी गेला आहे. तो असं सांगू शकतो : ‘दुसऱ्या वर्षापासून मी टॉवेलच्या एका दुकानात संध्याकाळी हिशेब लिहितो. उधारी वहीत असायची, ती मी एक्सेलमध्ये घेतली. कुणाची किती दिवसांची बाकी आहे हे मालकांना लगेच दिसायला लागलं. महिनाअखेरीला दोन दिवस लागायचे, ते काम आता अर्ध्या दिवसात होतं. तुमच्याकडचं काम वसुलीचं आहे, म्हणून अर्ज केला.’

किंवा एखादी मुलगी सांगेल : ‘आमच्या गल्लीत बिडी कामगार बायका जास्त. त्यांच्या पीएफ खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं, म्हणून पैसे अडकले होते. मी त्यांच्याशी तेलुगूत बोलून कागद गोळा केले, अर्ज मराठीत लिहिले आणि इंग्रजी पोर्टलवर माहिती भरली.’ ग्राहकसेवा, बँक किंवा एचआरच्या कामाला आणखी काय लागतं? माणूस समजून घेणं, कागद नीट ठेवणं आणि पाठपुरावा करणं, हे तिनं आधीच केलेलं आहे.

दोन्ही उत्तरांची बांधणी एकच आहे. अडचण काय होती, मी स्वतः काय केलं, त्यानं काय बदललं आणि त्याचा तुमच्या कामाशी संबंध काय. आकडा असेल तर सांगावा, नसेल तर रचू नये. ‘आम्ही प्रोजेक्ट केला’ असं म्हणणाऱ्याला ‘त्यात तुमचा भाग कोणता?’ हे विचारलं जाणारच.

कमकुवत बाजू कोणती?

‘मी फारच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर मुलाखत घेणाऱ्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की ते बोलणाऱ्याच्या विरुद्धच जातं. खरी पण सुधारता येणारी गोष्ट सांगावी आणि तिच्यासाठी काय चाललं आहे तेही सांगावं. आपल्याकडे अनेकांसाठी ती गोष्ट म्हणजे इंग्रजी बोलणं. ‘वाचतो, लिहितो, बोलताना अडखळतो. रोज एक बातमी इंग्रजीत मोठ्यानं सांगून रेकॉर्ड करतो,’ असं सांगायला लाज कसली? बोलता बोलता अडलात, तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारावं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीतसुद्धा मराठी माध्यम निवडता येतं. शिवाय मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी-दखनी कानावर घेत वाढलेल्या शहरातल्या मुलांनी आपल्याला येणाऱ्या भाषा बायोडाटाच्या तळाशी बारीक अक्षरात का लिहाव्यात? तेलंगण-कर्नाटकात माल विकणाऱ्या कंपनीला त्याच भाषा हव्या असतात.

मधली वर्षं कुठे गेली?

पदवीनंतर स्पर्धा परीक्षांना दिलेली दोन-तीन वर्षं अनेकांना गुन्ह्यासारखी लपवावीशी वाटतात. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, ‘ड’ आणि ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली. त्यामुळे वर्षानुवर्षं अभ्यास करूनही मुलाखतीच्या खुर्चीत कधीच न बसलेली मुलं पुष्कळ आहेत. ही वर्षं लपवू नयेत. ‘तयारी केली, पूर्वपरीक्षा दिली, यश आलं नाही. आता तो निर्णय पूर्ण झाला आहे आणि मला याच क्षेत्रात काम करायचं आहे,’ एवढं पुरतं. यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण पुढच्या जाहिरातीला तुम्ही सोडून जाल ही समोरच्याची खरी काळजी असते. निर्णय खरोखर झाला असेल तरच ते वाक्य बोलावं.

एटीकेटी लागली असेल तर तीही एका वाक्यात मान्य करावी आणि विषय कसा सुटला ते सांगावं. आजारपण, घरची जबाबदारी हीसुद्धा कारणं आहेत, आणि ती सांगताना मान खाली घालायची गरज नाही.

पाच वर्षांनी कुठे असाल?

पुण्यातली कंपनी हे विचारते तेव्हा तिला तुमची वाढीची इच्छा पाहायची असते. सोलापुरातली कंपनी विचारते तेव्हा त्यामागे दुसराच प्रश्न असतो : सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून तुम्ही पुण्याला निघून तर जाणार नाही ना? दोन्हीकडे कामाच्या भाषेत उत्तर द्यावं. पहिल्या वर्षी काय शिकायचं आहे, त्यानंतर कोणती जबाबदारी घ्यायची आहे. इथेच राहायचं असेल तर कारण सांगा. बाहेर जायची तयारी असेल तर राहायची सोय आणि रुजू होण्याची तारीख ठरवूनच जा.

याच्याच जोडीला ‘आमच्याबद्दल काय माहीत आहे?’ हा प्रश्न येतो. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आणि बालाजी अमाइन्स या सोलापूरच्या दोन कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. पहिली मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवते. दुसरी औषधं आणि शेतीरसायनांना लागणारी अमाइन्स बनवते, आणि शहरातलं एक मोठं हॉटेलही तिचंच आहे. संध्याकाळभर अहवाल चाळला तरी विचारण्यासारखे दोन चांगले प्रश्न मिळतात. छोट्या कारखान्याचा अहवाल मिळणार नाही, पण त्याचा माल कुठे जातो हे शहरात विचारून कळतं.

पगार किती हवा?

इथे मुलं गप्प बसतात, कारण सीटीसीचं गणित कुणी समजावलेलं नसतं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. ३ लाख सीटीसी म्हणजे महिन्याला २५,००० हातात, असं नाही. समजा मूळ वेतन १२,५०० आहे. कंपनी आपल्या वाट्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्या २५,००० मधूनच धरते. उरलेल्या २२,९०० मधून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात साधारण २१,२०० येतात. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे, हेही माहीत असावं. त्यामुळे आकडा सांगताना सीटीसी की इन हॅण्ड, ते स्पष्ट बोलावं. बॉण्ड आहे का, किती महिन्यांचा, मध्येच सोडलं तर किती रक्कम भरावी लागेल, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारणं हा उद्धटपणा नाही.

लग्न कधी करणार?

हा प्रश्न मुलींनाच विचारला जातो आणि तो विचारू नये. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच मनाई केली होती. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. ती कुणाची मेहरबानी नाही, हक्क आहे. तरी प्रश्न आलाच, तर ‘माझ्या कामावर त्याचा परिणाम होणार नाही. पाळी, प्रवास आणि जबाबदारी समजून घेऊनच मी अर्ज केला आहे,’ असं शांतपणे सांगून कामाच्या विषयाकडे यावं. पण ज्या कंपनीत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तिथे काम करायचं का, हे ठरवायचा हक्क तुमचाही आहे.

तयारी कशी करायची?

वहीत पाच घडलेले प्रसंग लिहून काढा. एक जमलेलं काम, एक फसलेलं काम, एक भांडण किंवा मतभेद, एक स्वतःहून घेतलेली जबाबदारी आणि एक नव्यानं शिकलेली गोष्ट. वर आलेले बरेचसे प्रश्न या पाचांतून सुटतात. मग ते मोठ्यानं सांगा, आणि मध्येच अडवून ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारणाऱ्या माणसासमोर सांगा. अनुभव अगदीच नसेल तर शिकाऊ उमेदवारी किंवा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसारखे मार्ग आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं.

एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये वेगळं विद्यापीठ मिळालेल्या या शहरात अंतिम वर्षाच्या प्रत्येक मुलाची एक तरी सराव मुलाखत कॉलेजनं घ्यायलाच हवी. आणि इथल्या उद्योजकांनीही उमेदवाराला एकदा त्याच्या भाषेत विचारावं : ‘घरी, दुकानात, कारखान्यात तू आजवर काय काम केलं आहेस?’ हा प्रश्न विचारला गेला, तर सोलापूरची मुलं उत्तराला कमी पडणार नाहीत. आणि नाही विचारला गेला, तरी ते उत्तर आपणहून द्यायला त्यांनी शिकलंच पाहिजे.