विश्लेषण : गोव्यातील चर्चच्या शाळांनी हिंदी सिनेसंगीताला वादक कसे दिले?

पन्नास-साठच्या दशकातील हिंदी चित्रपटगीतांमागे व्हायोलिनचा जो भरगच्च ताफा ऐकू येतो, त्यातील अनेक वादक गोव्याचे होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी सुरांचे पहिले धडे गावच्या चर्चमध्ये आणि तिला जोडलेल्या शाळेत गिरवले. काय होती ही परंपरा?

शाळा कशासाठी निघाल्या?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मिशनऱ्यांनी चर्चसोबत शाळाही उभारल्या. हेतू स्पष्ट होता : नव्याने धर्मांतरित झालेल्या कुटुंबांतील मुलांना ख्रिस्ती धर्मशिक्षण देणे. त्याच्या जोडीला लेखन-वाचन आले.

संगीत का शिकवले जाई?

लॅटिन प्रार्थना गायनातून होत असल्याने प्रत्येक चर्चला गायकवृंद हवा असे. तो बाहेरून आणणे शक्य नव्हते; म्हणून गावातील मुलांनाच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले गेले. ‘मेस्त्रे’ म्हणजे मास्तर, हाच शिक्षक आणि हाच गायकवृंदाचा प्रमुख. पाहून वाजवण्याची सवय मुलांना लहानपणीच लागे.

भाषेचे काय झाले?

सुरुवातीला मिशनरी स्थानिक भाषा शिकले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेही मराठीत. पण १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि पाद्री व शिक्षकांनी त्याच भाषेत शिकवावे, असे फर्मान होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने मुलांच्या हाती व्हायोलिन दिले, तिच्यातूनच मातृभाषा हद्दपार करण्याचा प्रयत्न झाला. घराघरांत मात्र कोंकणी टिकली.

मुंबईत काय घडले?

गोव्यात रोजगार तुटपुंजा असल्याने हे वादक मुंबईला आले. हिंदी संगीतकार चाल बांधत, पण ती मोठ्या वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवणारे अरेंजर हवे होते. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम केले, तर चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्यासोबत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिन गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) गाजलेल्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूंचेच नाव अजरामर केले.

आज वाद कशावर?

मुंबईत नोकरीसाठी इंग्रजी लागते, हे लक्षात आल्यावर गोव्यात इंग्रजी शाळा वाढल्या; हडफड्याची सेंट जोसेफ शाळा १८८७ ची. १९९० मध्ये राज्य सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणी माध्यमापुरते ठेवले, तेव्हा चर्चच्या अनेक प्राथमिक शाळा कोंकणीत आल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि वाद पेटला. पालकांना नोकरीची भाषा हवी, भाषाप्रेमींना घरची. मुलाने पहिले अक्षर कोणत्या भाषेत गिरवावे, हा १६८४ चा प्रश्न गोव्यात अजून सुटलेला नाही. फरक इतकाच की, तेव्हा हुकूम होता. आता निवड पालकांच्या हाती आहे.