पाळी गेली, झोप गेली. पण योगासाठी वेळ कुणाकडे?

रजोनिवृत्ती हा पुस्तकातला शब्द. आपल्या वस्त्यांत बाया ‘पाळी गेली’ म्हणतात आणि विषय संपवतात. पण त्रास तिथे संपत नाही. पंचेचाळिशी-पन्नाशीत शरीरातले इस्ट्रोजेन घटते. झोप उडते, अंगातून वाफा निघतात, उगाच रडू येते, राग अनावर होतो. घरचे म्हणतात, ‘हिचं डोकं फिरलं.’ कुणी तिला अंगारे-धुपाऱ्याकडे नेतात. हे बाहेरचे काही नाही आणि तिचा स्वभावही नाही. शरीरातल्या बदलाचा हा मनावरचा परिणाम आहे.

त्यावर योगाचा उपाय सांगितला जातो. तो थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. १३ चाचण्यांतील १,३०६ स्त्रियांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहीच उपचार न घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत योग करणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला होता. मात्र इतर व्यायाम करणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा मानसिक त्रासाबाबत योग सरस ठरला नाही. म्हणजे झपझप चालणेही चालेल. अट एवढीच की, बाईला स्वतःसाठी अर्धा तास मिळाला पाहिजे.

तो अर्धा तास कुणाकडे आहे? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यातील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. त्यापेक्षा पाळीच नको, असे हे गणित! ज्यांचे बीजांडकोषही काढले जातात, त्यांची रजोनिवृत्ती तिशीतही एका दिवसात येते. पहाटे फडात जाऊन डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या या भगिनीला ‘आसने करा’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. तिला आधी पाठ टेकायला जागा हवी.

२०१५ पासून दर २१ जूनला योग दिन साजरा होतो. व्हावा! पण बाईची विचारपूस उरलेल्या ३६४ दिवशीही व्हायला हवी. आपल्या महिला मंडळांनी हा विषय उघडपणे बोलावा. रोज दहा मिनिटे संथ श्वास घेणे कुणालाही जमते, त्याला पैसा लागत नाही. उदासी हटत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र योगावर विसंबू नये. डॉक्टर गाठावा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

आणि पुरुषांनो, सकाळची चूल अर्धा तास तुम्ही सांभाळा. योगाची सुरुवात तिथून होते.