एकट्याचे वळण, घोळक्यातले वळण

सायकलवरून जोरात येऊन वळण घेताना आपण आपसूक आतल्या अंगाला कलतो. हे कोणी शिकवावे लागत नाही. एकदोनदा गुडघे फुटले की शरीर ते स्वतःच शिकते. मग एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर वीस-पंचवीस सायकली फाटकातून एकदम बाहेर पडतात आणि रोज सहज जमणारे तेच वळण अवघड होऊन बसते. वळण तेच, सायकल तीच, चालवणाराही तोच. मग बदलले काय?

मोटारसायकलींच्या शर्यतीत नव्याने उतरणाऱ्या हौशी स्वारालाही हाच प्रश्न पडतो. फक्त त्याचा वेग आपल्यापेक्षा दसपट असतो आणि चुकीची किंमतही तशीच मोठी असते. या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपल्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानात आहे. ते कसे, ते पाहू.

सरावाचा दिवस आणि शर्यतीचा दिवस

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ब्रँड्स हॅच नावाचा शर्यतीचा मार्ग आहे. पूर्वी तेथे गवतावर शर्यती होत. १९५० साली मार्ग डांबरी झाला. त्याचा लहान फेरा सुमारे १.९४ किलोमीटरचा आहे. सरळ पट्टा संपला की ‘पॅडॉक हिल’ हे उजवे वळण लागते. तेथे रस्ता वळतो आणि त्याच वेळी उतरणीलाही लागतो.

अशा मार्गांवर काही दिवस ‘ट्रॅक डे’ असतो. फी भरायची, आपली मोटारसायकल आणायची, नियम ऐकून घ्यायचे आणि फेरे मारायचे. समोरून वाहन येत नाही, रस्त्यात गुरे नाहीत, वेगाला मर्यादा नाही. स्वारांचे नवखे, मध्यम आणि वेगवान असे गट पाडलेले असतात. ओलांडताना अंतर राखावे लागते. विशेष म्हणजे ब्रिटनमध्ये या दिवशी फेऱ्याची वेळ मोजू देत नाहीत. वेळ मोजली की चढाओढ सुरू होते, आणि चढाओढ म्हणजे शर्यत.

ज्याला शर्यतच हवी असेल त्याच्यासाठी वेगळी वाट आहे. ब्रिटनमध्ये मोटारसायकलींच्या शर्यतींचे नियमन १९०३ साली स्थापन झालेली ‘ऑटो-सायकल युनियन’ ही संस्था करते. तिच्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्याआधी प्रशिक्षण पुरे करावे लागते. नवख्याला शर्यतीत नारिंगी बंडी घालावी लागते, म्हणजे मागून येणाऱ्याला कळते की पुढचा अजून शिकतो आहे. ठरलेल्या संख्येइतक्या शर्यती त्याने नीट पुऱ्या केल्या की ही बंडी उतरते.

मार्ग तोच, गाडी तीच, मग एवढा फरक का करायचा? यासाठी आधी एकट्याचे वळण समजून घेऊ.

एकट्याचे वळण

वळणारी प्रत्येक वस्तू वर्तुळाच्या केंद्राकडे ओढली जावी लागते. या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. मोटारसायकलीला हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वळताना केंद्राच्या दिशेने किती त्वरण लागेल ते काढण्याचे सूत्र सोपे आहे: वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या.

समजा, वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे आणि स्वाराचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर आहे. २० चा वर्ग ४००. त्याला ४० ने भागले की उत्तर येते १०. पृथ्वीचे गुरुत्वत्वरणही जवळजवळ इतकेच आहे. म्हणजे स्वाराला खाली जेवढी ओढ आहे, तेवढीच आत वळण्यासाठी हवी. दोन्ही सारख्या असल्या की तोल सांभाळायला गाडी आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य उभ्या रेषेपासून सुमारे ४५ अंश कललेला असावा लागतो. स्वार आसनावरून आत सरकून गुडघा रस्त्यापर्यंत नेतो, तो ऐट म्हणून नव्हे. आपले वजन आत नेले की गाडीला स्वतःला थोडे कमी कलावे लागते.

चांगल्या, तापलेल्या टायरला कोरड्या रस्त्यावर हे त्वरण पेलते. आपल्या हिशेबापुरते आपण ‘टायरची ऐपत १०’ असे धरू.

आता कागद-पेन्सिल घ्या

पुढचा भाग वाचण्यापूर्वी ही आकृती स्वतः काढून पाहा. १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर असे प्रमाण घ्या. काटकोनात मिळणाऱ्या दोन रेषा काढा. त्या दोघींना स्पर्श करणारा ४ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. हा झाला वळणाचा बाहेरचा काठ. त्याच केंद्रातून ३ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. हा आतला काठ. मधला रस्ता १० मीटर रुंद झाला.

आता त्याच दोन रेषांना स्पर्श करणारा ६.४ सेंटिमीटर त्रिज्येचा तिसरा कंस काढा. तो बाहेरच्या काठाशी सुरू होतो, वळणाच्या मध्यावर आतल्या काठाला हलकेच टेकतो आणि पुन्हा बाहेरच्या काठाशी जातो. रस्ता तोच, पण ३० किंवा ४० मीटरऐवजी ६४ मीटर त्रिज्येचे वळण मिळाले!

फायदा किती? आतल्या काठाला चिकटून जाणाऱ्याला १० च्या ऐपतीत ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेग ठेवता येतो. तिसऱ्या रेषेने जाणाऱ्याला ताशी सुमारे ९१. ट्रॅक डेला शिकायची मुख्य विद्या ती हीच. ब्रेक कोठे लावायचा, आतला काठ कोठे गाठायचा, बाहेर कोठे निघायचे, या खुणा स्वार मनात पक्क्या करतो. फेऱ्यामागून फेरे तो त्याच रेषेवरून जातो आणि दर फेऱ्याला थोडा वेगवान होतो.

शर्यतीत मात्र ही रेषा एकट्याची राहत नाही. कोणी ओलांडण्यासाठी आतून आले, तर आतला काठ त्याने व्यापलेला असतो, आणि आपली सुंदर रेषा नेमकी तेथेच येऊन टेकणार असते. मग आपल्याला वळण लहान त्रिज्येने घ्यावे लागते. म्हणजे वेग कमी, म्हणजे ब्रेक आधी. पाठ केलेल्या सगळ्या खुणा एका क्षणात चुकीच्या ठरतात.

पुढच्याने फाडलेली हवा

दुसरी गंमत सरळ पट्ट्यावर घडते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण पुढे दुसरी मोटारसायकल असेल, तर ती हवा फाडत जाते आणि मागच्याला विरोध कमी होतो. तेच इंजिन, तीच गाडी, तरी मागचा अधिक वेगाने धावू लागतो. पुढच्याला गाठायला हा वारा मोठा उपयोगाचा.

आता हिशेब करू. एकट्याने येणारा स्वार सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाने येतो. वळणासाठी त्याला वेग २० मीटरवर आणायचा आहे. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला त्याचा वेग १० मीटरने घटतो असे धरले, तर दोन्ही वेगांच्या वर्गांतील फरक (२५०० वजा ४००) भागिले २०, म्हणजे १०५ मीटर अंतर लागते. त्याने वळणाच्या १०५ मीटर अलीकडची खूण पक्की केली आहे.

शर्यतीत पुढच्याच्या आडोशाने तो ५२ मीटर वेगाने आला. फरक अवघा २ मीटरचा. पण ब्रेक जुन्याच खुणेवर लावला. वळणाशी पोचताना त्याचा वेग किती असेल? बावीस म्हणाल, तर चुकलात! ५२ चा वर्ग २७०४. त्यातून २१०० वजा केले की ६०४ उरतात. त्याचे वर्गमूळ सुमारे २४.६. म्हणजे ताशी ७२ ऐवजी ८८ किलोमीटर! ४० मीटर त्रिज्येच्या वळणात या वेगाला १५ त्वरण लागते. टायरची ऐपत १०. गाडी वळणार नाही. ती घसरेल किंवा रस्त्याबाहेर जाईल.

असे का झाले? ब्रेक वेग खात नाहीत, गतिज ऊर्जा खातात. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे असते. वरच्या वेगातले २ मीटर म्हणजे पुष्कळ ऊर्जा. तीच ऊर्जा खालच्या वेगात शिल्लक राहिली की ती साडेचार मीटर होऊन भेटते. या स्वाराने ब्रेक १० मीटर आधी लावायला हवा होता. शिवाय आडोशात हवेचा विरोध कमी, म्हणून वेग कमी करायला हवेची मिळणारी मदतही कमी.

राखून ठेवलेली पकड

टायरकडे पकड असते ती मोजकीच. वळण्यासाठी आणि ब्रेकसाठी वेगळ्या थैल्या नाहीत, थैली एकच. पण खर्चाचा हिशेब साध्या वजाबाकीने होत नाही. वळण्याचे बल आडवे आणि ब्रेकचे बल मागे, म्हणजे दोन्ही एकमेकांशी काटकोनात. त्यामुळे येथे पायथागोरसचा सिद्धांत लागू पडतो: दोन्ही बलांच्या वर्गांची बेरीज ऐपतीच्या वर्गाहून जास्त होता कामा नये.

जो स्वार वळणासाठी १० पैकी १० खर्च करतो त्याच्याकडे ब्रेकसाठी काहीच उरत नाही. पुढचा पडला तर त्याने करायचे काय? पण जो ८ खर्च करतो त्याच्याकडे किती उरतात? २ नव्हे, तर ६! कारण ८ चा वर्ग ६४, ६ चा ३६, बेरीज १००. आणि या सहांची किंमत काय? वळणातले त्वरण दहाचे आठ करायला वेग फक्त सुमारे साडेदहा टक्क्यांनी कमी करावा लागतो. खऱ्या टायरचे वागणे इतके रेखीव नसते, आणि कललेल्या गाडीला ब्रेक लावला की ती उभी राहू पाहते, म्हणून ब्रेक हळुवारच लावावा लागतो. तरी मुद्दा खरा आहे. थोडा वेग सोडला की पुष्कळ सुटका विकत मिळते.

नवखा स्वार शर्यतीत पडतो तो बहुधा त्याला वेग जमत नाही म्हणून नव्हे. ट्रॅक डेला जमलेला सगळा वेग तो घोळक्यातही खर्च करतो आणि हाताशी काही ठेवत नाही. पहिल्या वळणावर तर सगळे एकदम पोचतात आणि टायरही पुरते तापलेले नसतात, म्हणजे ऐपत १० हून कमीच असते. तेथे राखणाराच दुसऱ्या फेऱ्यात दिसतो.

नियमांमागचे विज्ञान

शर्यतीचे पुष्कळसे नियम हेच सांगतात. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओलांडायचे नाही. लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली. काळ्या झेंड्यावर नारिंगी ठिपका म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, बाहेर ये. अनेक ठिकाणी इंजिनाच्या तेलाचा बूच बारीक तारेने जखडावा लागतो, कारण तो थरथरून सुटला तर मागच्या सगळ्यांची पकड जाते. इंजिन थंड ठेवण्याच्या पाण्यात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ग्लायकॉल मिसळतात. ते रस्त्यावर सांडले की निसरडे होते आणि लवकर सुकत नाही. म्हणून शर्यतीच्या गाडीत अनेक क्लब साधे पाणीच भरायला लावतात. ट्रॅक डेला आपण आपल्यापुरते सावध असलो तर बरेचसे भागते. शर्यतीत दुसऱ्याची सुरक्षितताही आपल्या बुचावर अवलंबून असते.

आपल्याकडे

भारतातही ही वाट आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. आता चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटरचा मार्ग आहे. तेथे नवख्यांना प्रशिक्षण घेऊन शर्यतीत उतरता येते. कातडी पोशाख, शिरस्त्राण, डॉक्टर, रुग्णवाहिका हे सारे असते. तरीही २०२३ साली त्या मार्गावर शर्यतीत दोन स्पर्धकांना प्राण गमवावे लागले. एक मोटारीत होता, दुसरा मोटारसायकलीवर. आणि हा दुसरा शाळकरी वयाचा होता.

एवढी तयारी असूनही धोका पुरता जात नाही, तर जेथे यातले काहीच नाही तेथे काय? सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मनाई आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपला हिशेब काय सांगतो ते पाहा. रस्त्यावर वळणापलीकडचे दिसत नाही, वाळू किती सांडली आहे ते ठाऊक नसते, नारिंगी बंडी कोणी घातलेली नसते. टायरची ऐपत १० आहे की ४, हे घसरल्यावरच कळते.

उद्या शाळा सुटल्यावर फाटकापाशी सायकलींची गर्दी होईल. त्या वळणावर शिपाईकाका ओरडण्याआधीच थोडा वेग सोडून पाहा. दहातले आठच खर्च करा. पुढची सायकल अचानक थांबली, तर उरलेले सहा कोठे असतात ते तुमच्या ब्रेकला कळेल.