घरबसल्या ग्रंथालय

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. तिथे जावे, सभासद क्रमांक सांगावा, नोंद करावी आणि पुस्तक पिशवीत घालून घरी आणावे, ही रीत आपल्या चांगल्या ओळखीची. आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणखी एक कपाट आले आहे. ते दिसत मात्र नाही. शोधनिबंध, नियतकालिके, संदर्भग्रंथ सारे इंटरनेटवर. मग पावसात एस.टी. बंद पडली, तर लांज्याच्या वाडीवरच्या विद्यार्थिनीला हे कपाट घरून उघडता येईल का? येईल. कसे, ते पाहू या.

प्रकाशकाला वर्गणी भरते ती संस्था. म्हणून प्रकाशक ओळखतो तोही संस्थेलाच. प्रत्येक इंटरनेट जोडणीला घरपत्त्यासारखा एक क्रमांक असतो. महाविद्यालयाच्या आवारातून गेलात, की तो क्रमांक पाहून दार आपसूक उघडते. घरच्या मोबाईलचा क्रमांक पडला निराळा! तेव्हा 'आपण कोण?' असे विचारले जाणारच. काही ठिकाणी प्रकाशक तुम्हाला तुमच्याच संस्थेच्या दारी पाठवतो. संस्था नाव आणि पासवर्ड तपासते व 'हा आमचाच माणूस' एवढा निरोप परत धाडते. पासवर्ड प्रकाशकाच्या हाती जातच नाही.

महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० साली 'एन-लिस्ट' योजना सुरू केली. तिच्यात ग्रंथपाल आपले नाव नोंदवतात आणि मग प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळतो. तेव्हा पहिले काम एकच : ग्रंथपालांना भेटा.

आता माझीच चूक सांगतो. एका जुन्या विद्यार्थ्याने गळ घातली, म्हणून मी माझा पासवर्ड त्याला दिला. त्याने मित्राला दिला. त्या मित्राने एका रात्रीत शेकडो निबंध उतरवून घेतले. प्रकाशकाच्या यंत्राला संशय आला आणि त्याने साऱ्या महाविद्यालयाचेच दार लावून घेतले. ऐन प्रबंधाच्या दिवसांत मुले आठवडाभर खोळंबली. मान खाली घालून ग्रंथपालांपुढे उभे राहावे लागले, ते मलाच. पुस्तक उसने देता येते; सही उसनी देता येत नाही. पासवर्ड ही आपली सही आहे.

मग ज्यांचे कुठल्याच महाविद्यालयात नाव नाही, त्या गावच्या गुरुजींनी काय करावे? त्यांच्यासाठीही दारे उघडी आहेत. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातही विनामूल्य नाव नोंदवता येते. त्या विद्यार्थ्याला मी तेव्हा हे दोन पत्ते दिले असते, तर त्याचे काम भागले असते आणि माझ्या मुलांचा आठवडाही वाचला असता. तुमच्याकडे कुणी पासवर्ड मागितला, तर नुसते नाही म्हणू नका. हे पत्ते द्या.