बोटीला एक इंजिन की दोन?

मागच्या महिन्यात शिलाई मशीनची देखभाल सांगितली, तेव्हा वाटलं होतं की यंत्रांचा विषय आता संपला. पण तापीकाठच्या एका बचत गटाच्या ताईंनी वेगळाच प्रश्न पाठवला. गटाला कर्ज काढून वेगवान बोट घ्यायची आहे. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेत लोकांना फेरी मारता येईल आणि पुराच्या दिवसांत गावालाही उपयोग होईल, असा त्यांचा विचार. विक्रेता म्हणतो, "दोन इंजिनं लावा, दुप्पट पळेल आणि धोकाही राहणार नाही." ताई विचारतात, हे खरं का? कर्जाचा हप्ता तर सगळ्यांच्या नावावर पडणार आहे.

खरं सांगायचं तर यातली अर्धी गोष्ट खोटी आहे आणि अर्धी अटीवर खरी.

आधी दुप्पट पळण्याचं बघू. सारंगखेड्याचा घोडेबाजार आपल्या ओळखीचा, म्हणून हॉर्सपॉवर म्हणजे काय ते समजायला सोपं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आपल्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर धरली, तर चाळीसचं बोटीचं इंजिन म्हणजे तशा आठ मोटरी. पण शक्ती दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग, वजन तेच राहिलं तर, शक्ती दुप्पट केल्यावर साधारण दीडपटीपेक्षाही थोडा कमीच वाढतो. समजा एका इंजिनावर बोट ताशी ३० किलोमीटर जाते. तसंच दुसरं इंजिन लावलं तर हिशेबाने ४२ च्या आसपास. त्यात दुसऱ्या इंजिनाचं वजन आणि पाण्यात बुडालेल्या दुसऱ्या पायाची अडवणूक धरली की त्याहूनही कमी. पेट्रोल मात्र जवळजवळ दुप्पट जातं. चाळीसचं चार स्ट्रोक इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तर तासाला सुमारे १५ लिटर पितं. दोन लावली तर ३० लिटर. यात्रेत एका फेरीचे किती घेणार, ते आधी यावर मांडा.

विक्रेत्याचा दुसरा प्रकार असा असतो, "बरं, चाळीसचं एक नको तर वीसची दोन घ्या." एकूण शक्ती तीच. पण पंखे दोन, पाण्यातले पाय दोन, तेल दोनदा, प्लग बहुधा जास्त, सर्व्हिसिंग दोनदा. मोठ्या इंजिनांत वजनाचा फरक ठळक दिसतो. साठचं एक इंजिन साधारण ११० किलोचं, म्हणजे दोन मिळून २२०. तेवढ्याच ताकदीचं ११५ चं एकटं इंजिन १७० किलोच्या घरात. हे पन्नास किलो बोटीच्या अगदी मागच्या फळीवर लटकतात. बैलगाडीचं ओझं मागे गेलं की जू कसं वर उचलतं, तसं बोटीचं तोंड वर होतं आणि ती पाण्यावर चढायला वेळ घेते. नुसता वेग हवा असेल तर एकूण ताकद तीच धरून एक मोठं इंजिन जवळजवळ नेहमीच सरस ठरतं. दोनचा विचार तेव्हा करायचा, जेव्हा बोट इतकी मोठी असते की एका इंजिनाची ताकद पुरतच नाही.

मग लोक दोन लावतात कशाला? घरी परत येण्यासाठी. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर काठ गाठता येतो. ही गोष्ट लहान नाही. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी सरदार सरोवराचं पाणी डोंगरदऱ्यांत शिरलेलं आहे. तिथे कित्येक पाड्यांना रस्ता नाही आणि तरंगता दवाखाना बोटीवरच चालतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० साली गरोदर बायांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोहोचायला स्वतः वल्ही मारत अठरा किलोमीटर जात होत्या, हे तुम्ही ऐकलं असेल. अशा पाण्यात अडलेली बाळंतीण बोटीत आहे आणि मध्येच इंजिन बंद पडलं, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, फोनला रेंज नाही. तिथे दुसऱ्या इंजिनाचा पैसा फुकट गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मैत्रिणींनो, दुसरं इंजिन खरोखर वेगळं असलं तरच ते कामाचं. इंजिन बंद का पडतं, ते बघा. पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा असतो. दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील तर दोन्ही बसतील. बॅटरी उतरलेली असते, आणि ती एकच असेल तर दोन्ही सुरू होणार नाहीत. पंख्याला मासेमारीचं जाळं गुंडाळतं, तेव्हा दोन्ही पंखे शेजारी-शेजारी असल्याने दोन्ही अडकू शकतात. आणि आपल्या तापीची खास अडचण म्हणजे गाळ. ही इंजिनं थंड राहण्यासाठी नदीचंच पाणी आत ओढतात. आत रबरी पाकळ्यांचा छोटा पंप असतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने त्या पाकळ्या झिजतात. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती थांबली की इंजिन लगेच बंद करायचं, नाहीतर ते तापून जाम होतं. दोन इंजिनं एकच गढूळ पाणी पितात, तेव्हा एकाला जो आजार तोच दुसऱ्याला. म्हणून टाक्या दोन, बॅटऱ्या दोन आणि पेट्रोल गाळणाऱ्या जाळ्याही दोन. विक्रेत्याच्या भावात हे धरलेलं नसतं, बरं का.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. एक इंजिन बंद पडल्यावर बोट निम्म्या वेगाने जात नाही, त्याहून खूप हळू जाते. चपटा दगड जोरात फेकला तर पाण्यावर टप्पे घेत जातो आणि हळू टाकला तर बुडतो. बोटीचं तसंच आहे. भरलेली बोट निम्म्या ताकदीवर पाण्यावर चढतच नाही. पाणी ढकलत, भिजलेल्या म्हशीसारखी चालते. शिवाय एका बाजूचंच इंजिन ढकलतंय म्हणून एक बैल थकलेल्या जोडीसारखी एका अंगाला ओढते आणि सुकाणू धरून ठेवावं लागतं. पोहोचते, पण सावकाश.

धुळ्याच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एसडीआरएफची रबरी बोट आपण पुराच्या वेळी पाहतो. तिच्यामागे बहुधा एकच इंजिन असतं. त्याला ते ओबीएम म्हणतात. माणसांनी हाताने उचलून ट्रकमधून उतरवायची बोट, म्हणून ती हलकीच हवी. त्यांचं दुसरं इंजिन दुसऱ्या बोटीवर असतं. आणि पाण्यापुढे इंजिनाचं किती चालतं, तेही याच दलाने सोसलं आहे. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्याचा शोध घेताना या पथकाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली. शिकलेले, पट्टीचे पोहणारे तीन जवान गेले. बंधाऱ्याखाली पाणी गोल फिरून परत मागे ओढतं, तिथे एक काय नि चार काय, इंजिनांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सुलवाडे असो की सारंगखेडा, बॅरेजच्या जवळ बोट न्यायचीच नाही, ना खालच्या अंगाला ना वरच्या. हतनूरचे दरवाजे उघडल्याची दवंडी आली की फेऱ्या बंद. खालचे दरवाजेही उघडतात, आणि बंद पडलेली बोट तिकडेच वाहत जाते. त्या वेळी हाताशी हवा तो नांगर आणि लांब दोर.

आता ताईंच्या गटाचं. बोट लहान, माणसं सहा-सात, फेरी काठापासून दिसेल एवढीच. माझं मत विचाराल तर चाळीसचं एकच चांगलं इंजिन घ्या आणि शेजारी पाच-सहा हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन, स्वतःच्या वेगळ्या टाकीसह. त्याचं वजन पंचवीस किलोच्या आसपास. मोठं बसलं तर ते माणसाच्या चालीपेक्षा थोडं जास्त वेगाने काठाला आणतं, आणि तेवढंच लागतं. दोन वल्ही बोटीत बांधून ठेवा. जे पैसे वाचतील त्यातून चालवणाऱ्यासकट सगळ्यांना जॅकेट, आणि दोन-तीन जास्तीची. लहान मुलांच्या मापाचीही घ्या, ती लोक हमखास विसरतात. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी लाल दोरी असते, ती खिशात नको, मनगटालाच हवी. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पडलेल्याच्याच अंगावर येते.

माणसं मोजूनच बसवायची. धडगाव तालुक्यात भुषा इथे २०१९ च्या संक्रांतीला खच्चून भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. यात्रेत लोक गळ घालतात, "एकच माणूस जास्त आहे हो ताई." तिथे गटातली जरा कडक बाई उभी करा. जलसंपदा विभागाची परवानगी, बोटीची नोंदणी आणि विमा हे कर्जाचा अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या.

एवढं ऐकूनही गटाचं मन दोन इंजिनांवरच असेल, तर बोटीवर बनवणाऱ्याने लिहिलेला आकडा आधी बघा. जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर आणि मागच्या फळीवर किती वजन, ते तिथे असतं. मग इसार देण्याआधी विक्रेत्याला सकाळच्या शांत पाण्यावर बोलवा. गटातल्या सहा जणींनी जॅकेट घालून बसायचं, मधोमध गेल्यावर एक इंजिन बंद करायला लावायचं आणि घड्याळ लावून काठावर यायचं. मग दुसरं बंद करून पहिल्यावर यायचं. तो या चाचणीला तयार नसेल, तर इसाराचे पैसे पिशवीतच राहू द्या.