मळका शर्ट, दोनशे कोटींचे मोल : पारख कापडाची आणि पुराव्याची

एखाद्या गिऱ्हाइकाने घामाचे डाग पडलेला, कॉलर झिजलेला, नव्वद वर्षांचा जुना लोकरी शर्ट दुकानाच्या फळीवर आणून टाकला, तर आमचे शिंपी आणि रफूगार बांधव काय म्हणतील? "भाई, याला हात लावण्यात अर्थ नाही, नवीन शिवून घ्या." असेच म्हणतील. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज या लिलाव कंपनीने असाच एक राखाडी शर्ट २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला विकला. आपल्या हिशेबाने सुमारे दोनशे कोटी रुपये! हाच शर्ट २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरला गेला होता. एकोणीस वर्षांत जवळजवळ पंचवीसपट.

हा शर्ट बेब रूथ या बेसबॉलपटूचा. बेसबॉल हा क्रिकेटचा लांबचा भाऊ समजावा. तेथे चेंडू कुंपणापलीकडे गेला की त्याला होम रन म्हणतात. १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर न्यूयॉर्क यांकीज संघाकडून खेळताना रूथने हाताने काही खूण केली आणि पुढच्या चेंडूवर होम रन मारला. 'कुठे मारणार ते त्याने आधीच दाखवले होते' ही कथा तेव्हापासून अमेरिकेत घरोघर सांगितली जाते. त्याने खरेच बोट दाखवले की नाही, हा वाद अजूनही मिटलेला नाही. पण त्या दिवशी अंगात असलेला शर्ट हाच, हे मात्र लिलावापूर्वी सामन्याच्या छायाचित्रांशी जुळवून पाहिले गेले. गिऱ्हाइकाने दोनशे कोटी मोजले ते कापडासाठी नव्हे, या पुराव्यासाठी.

खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या शर्ट, बॅट, चेंडू यांचा तेथे मोठा बाजार आहे. या मालाची पारख कशी होते आणि भाव कसा ठरतो, हे आमच्या कारागीर आणि व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण यातील निम्मी विद्या सुई-दोऱ्याची आहे आणि उरलेली निम्मी वहीखात्याची.

सुई-दोऱ्याची साक्ष

पारखी शर्ट हातात घेतो तेव्हा आधी खेळाडूचे नाव पाहत नाही. तो शर्ट उलटा करतो. आतली शिलाई, लेबल, कॉलरची पट्टी, काजे आणि बटणे पाहतो. १९७० पर्यंत या खेळाचे शर्ट लोकरीच्या फ्लॅनेलचे असत. त्या वर्षी पिट्सबर्गच्या संघाने प्रथम विणीचा, ताणला जाणारा कपडा वापरला आणि मग एकेक करून सगळे संघ तिकडे वळले. म्हणजे कापड पाहूनच जाणकाराला काळाचा अंदाज येतो.

रूथच्या काळात खेळाडूचे नाव कॉलरच्या आत साखळी टाक्याने लिहीत. यांकीज संघाने शर्टाच्या पाठीवर नंबर लावायला १९२९ मध्ये सुरुवात केली. त्यामुळे १९२७ चा म्हणून आणलेल्या यांकीजच्या शर्टावर नंबर असेल, तर पुढे बोलणेच नको. १९३९ साली या खेळाच्या शताब्दीनिमित्त बाहीवर खास बिल्ला लावला जाई. त्या वर्षाच्या शर्टावर तो नसेल, तर निदान तो काढल्याची खूण तरी दिसली पाहिजे.

ही खूण म्हणजे सुईची भोके. त्या काळी मोठ्या संघाचे वापरलेले शर्ट फेकून देत नसत. ते खालच्या दर्जाच्या संघांकडे जात. तेथे जुने नाव उसवून नवीन अक्षरे शिवली जात. पुढे कोणी जुनी अक्षरे पुन्हा बसवली, तरी मधल्या अक्षरांची भोके आणि पुसट सावली कापडावर राहते. उसवलेल्या टाक्याची भोके किती दिवस राहतात, हे आमच्या रफूगारांना सांगायला नको.

मग येतो अतिनील दिव्याचा प्रकाश. अंधाऱ्या खोलीत हा निळसर-जांभळा दिवा शर्टावर धरतात. अलीकडच्या काळातील कृत्रिम धागे आणि धुण्याच्या पावडरीतील चमक आणणारे द्रव्य त्या प्रकाशात झगझगते. जुनी लोकर आणि जुना सुती दोरा तसा चमकत नाही. १९३२ च्या शर्टात एखादा टाका चमकू लागला, तर तो नंतर घातलेला असण्याची दाट शक्यता.

धाग्याने मोठमोठ्यांची फजिती केलेली आहे. १९९८ साली एका नामवंत संग्राहकाच्या संग्रहातील काही वस्तू कूपरस्टाउन येथील बेसबॉलच्या संग्रहालयात आल्या. त्यात 'शूलेस' जो जॅक्सन या खेळाडूचा १९१९ चा म्हणून सांगितलेला शर्ट होता. पुढे प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा १९१९ साली जगात नसलेले द्रव्य त्या शर्टात सापडले. नाव मोठे, जागा मोठी, पण शर्ट खोटा!

झीज खरी की बनावट?

नकली माल करणारा कारागीर झीजही नकली करतो. सँडपेपर घासतो, चहाच्या पाण्यात बुडवून कापड पिवळे करतो. पण खरी झीज जिथे हवी तिथेच असते : कॉलरच्या घडीवर, बाहीच्या कडेला, घसरून पडताना जमिनीला लागणाऱ्या बाजूला. अनेकदा धुतलेल्या शर्टात लोकर आकसते, वर शिवलेले अक्षर तितके आकसत नाही, म्हणून अक्षराभोवती कापडाला चुण्या पडतात. सँडपेपरने ही चुणी आणता येत नाही.

बॅटचेही तसेच. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात हिलरिच अँड ब्रॅड्सबी या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या बॅटी बनवल्या. कोणत्या खेळाडूला किती लांबीची आणि किती वजनाची बॅट पाठवली, याच्या नोंदी कारखान्याने ठेवल्या होत्या. आज पारखी बॅट तोलतो, मोजतो आणि त्या नोंदींशी ताडून पाहतो. बॅटवरचा छापही काळानुसार बदलत गेला. शिवाय फलंदाज छापाची बाजू वर ठेवून खेळतो, म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅटवर चेंडूचे ठसे एका बाजूला उमटतात आणि डावखुऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. डावखुऱ्या रूथची म्हणून आणलेल्या बॅटवर ठसे उलट बाजूला असतील, तर काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

आता या सगळ्यावर छायाचित्र-जुळवणीने मात केली आहे. सामन्याचे स्वच्छ छायाचित्र मोठे करायचे आणि शर्टाशी पाहायचे : उभी रेघ अक्षराला नेमकी कुठे छेदते, बटणपट्टीपासून अक्षर किती अंतरावर आहे, एखादा टाका कुठे वाकडा गेला आहे. हाताने शिवलेले दोन शर्ट तंतोतंत सारखे कधीच नसतात. कारागिराच्या हाताचा तो किंचित फरक त्या वेळी दोष वाटला असेल, आज तोच वस्तूचा अंगठा-ठसा ठरतो.

कागदही खोटा असतो

'सर्टिफिकेट आहे ना, मग काळजी कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी पुढची हकिकत वाचावी. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली. ऑक्टोबर १९९९ मध्ये छापे पडले. खेळाडूंच्या खोट्या सह्या करणाऱ्या टोळीजवळ खरेपणाची प्रमाणपत्रेही खोटी होती! सॅन डिएगो संघाच्या टोनी ग्विनला तर आपल्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या नावाच्या बनावट सह्या दिसल्या होत्या.

यातून धडा घेऊन मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वतःची योजना सुरू केली. सामन्याच्या वेळी मैदानावर एक साक्षीदार हजर असतो. हे लोक आजी किंवा माजी पोलीस असतात. वस्तू खेळातून बाहेर येताना त्याने डोळ्यांनी पाहिली, तरच तिच्यावर नंबर असलेला चमकता होलोग्राम लागतो आणि नोंद होते. होलोग्राम काढू गेल्यास फाटतो. नियम सरळ आहे : पाहिले नाही, तर शिक्का नाही. मग समोर कितीही मोठा माणूस असो.

भाव कसा ठरतो?

खेळाडू कोण आणि प्रसंग कोणता, हे पहिले. असे शर्ट किती उरले, हे दुसरे. पुरावा किती पक्का, हे तिसरे. आणि वस्तू मूळ स्वरूपात आहे की डागडुजी झाली आहे, हे चौथे. येथे आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट घडते. मातीचा डाग भाव वाढवतो, धुलाई भाव पाडते. रफू केलेले चालते, पण ते सांगितलेच पाहिजे. लपवलेले रफू उघडे पडले की सगळ्या शर्टावरचा विश्वास उडतो.

भाव कायमचा नसतो, हेही लक्षात ठेवावे. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने एका हंगामात ७० होम रन मारले. तो सत्तरावा चेंडू १९९९ साली सुमारे ३० लाख डॉलरला गेला. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने उत्तेजक औषधे घेतल्याची कबुली दिली. चेंडू खराच आहे, पण त्यामागच्या कीर्तीला तडा गेला.

आणि लिलावातील बोलीही खरी असतेच असे नाही. बिल मॅस्ट्रो या बड्या लिलाव व्यापाऱ्याने खोट्या बोली लावून भाव चढवल्याचा गुन्हा २०१३ मध्ये कबूल केला. एका अतिमौल्यवान जुन्या बेसबॉल कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही त्याने मान्य केले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली. व्यवसायात तो वर्षानुवर्षे अग्रणी गणला गेला होता. नाव जायला एक कबुली पुरली.

एकच सुई, दोन वाटा

शेवटी एक गोष्ट आमच्या कारागिरांसाठी. फिलाडेल्फियाच्या मिचेल अँड नेस या १९०४ पासूनच्या दुकानाने १९८० च्या दशकात जुन्या फ्लॅनेल शर्टांच्या हुबेहूब प्रती शिवायला घेतल्या. कापड तसेच, अक्षरे तशीच, पण आत लेबल स्वतःचे. गिऱ्हाइकाला ठाऊक असते की ही प्रत आहे, आणि तो आनंदाने पैसे मोजतो. त्यावर दुकान मोठे झाले. तीच कारागिरी, तोच टाका कोणी जुने लेबल चिकटवून विकला, की तो गुन्हा होतो. दोघांच्या हातात फरक नाही, फरक फक्त लेबलात आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : काम केले की तारखेसह वहीत नोंदवा, माल हातचा जाण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवा, बिलावर दुरुस्ती लिहा, आणि प्रत असेल तर प्रत म्हणा. लुईव्हिलच्या कारखान्यातील कारकुनाने बॅटीचे वजन वहीत टिपले, तेव्हा त्या ओळीचे पुढे एवढे मोल होईल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. त्याने फक्त आपली वही खरी ठेवली.