आज्ञावलीतील टिपणे आणि सदृश शब्दांची शुद्धी

आज्ञावलीतील टिपणे कंपायलर वगळतो. ती केवळ माणसांसाठी असतात. म्हणूनच त्यांतील शब्ददोष यंत्र दाखवून देत नाही. ‘आवृत’ म्हणजे वेढलेले, ‘आवृत्त’ म्हणजे पुनःपुन्हा घडलेले. एका ‘त’च्या फरकाने वेढलेला आज्ञागट पुनरावर्ती ठरतो आणि पुढील प्रोग्रामरची दिशाभूल होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शब्दसूचीवर आधारलेला तपासनीस मौन राखतो. ‘अद्यावत’ मात्र त्याला सापडतो. कारण शुद्ध रूप ‘अद्ययावत’, म्हणजे ‘अद्य’ अधिक ‘यावत्’, आजपर्यंतचे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम प्रामुख्याने अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय देतात. अर्थानुरूप शब्दनिवड ही लेखकाचीच जबाबदारी होय. तस्मात्, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना प्राध्यापकांनी आज्ञावलीबरोबर टिपणेही वाचणे अगत्याचे आहे.